युद्ध नळापर्यंत पोहोचले असताना सुरक्षेची व्याख्या सीमेवरच थांबवावी का?

कालिंदी

युक्रेनच्या दक्षिणेला मिकोलाईव्ह हे शहर आहे. युद्धापूर्वी तिथली लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या घरात होती, म्हणजे साधारण आपल्या सांगली-मिरजेएवढी. नीपर नदीचे पाणी शहरापर्यंत आणणारी जलवाहिनी एप्रिल २०२२ मध्ये लढाईत फुटली आणि ती जागा रशियाच्या ताब्यातील भागात असल्यामुळे दुरुस्तीसाठी माणसे पाठवणेही शक्य झाले नाही. काही आठवडे नळ कोरडे राहिले. त्यानंतर निदान वापरापुरते तरी मिळावे म्हणून खाडीचे खारे पाणी नळाला सोडण्यात आले, आणि त्या पाण्याने शहराखालचे जुने नळ आतून खाल्ले. प्लास्टिकचे मोठे कॅन घेऊन पिण्याच्या पाण्यासाठी रांग लावणे ही तिथल्या म्हाताऱ्या माणसांची दिनचर्या होऊन बसली. पाणी नसले की शहराचे काय होते, हे आपण लातूरला २०१६ साली पाहिले आहे. तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. लातूरवर पावसाने पाठ फिरवली होती, मिकोलाईव्हवर ही वेळ युद्धाने आणली.

आधुनिक युद्ध बदलले आहे असे म्हटले की चर्चा लगेच ड्रोन आणि क्षेपणास्त्रांकडे वळते. मला लक्ष्यांबद्दल बोलायचे आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने युक्रेनच्या वीजव्यवस्थेवर सलग हल्ले सुरू केले. वीजकेंद्रे, उपकेंद्रे आणि विशेषतः उच्चदाबाची मोठी रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) हे त्यांचे नेम होते. जून २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी सांगितले की ९ गिगावॉट निर्मितीक्षमता नष्ट झाली आहे, आणि त्याआधीच्या हिवाळ्यातील कमाल मागणी १८ गिगावॉट होती. रशियाने वापरलेल्या इराणी आराखड्याच्या एका शाहेद ड्रोनची किंमत २० ते ५० हजार डॉलर मानली जाते, तर ते पाडण्यासाठी पॅट्रियट या अमेरिकी हवाई संरक्षण प्रणालीचे क्षेपणास्त्र वापरायचे झाले तर एकाला ४० लाख डॉलरच्या आसपास खर्च येतो. हा हिशेब ज्याच्या बाजूने आहे, तो रणांगणावर न जिंकताही समोरच्याच्या घरातला दिवा विझवू शकतो.

हे दूरचे वाटत असेल तर २७ जून २०१७ हा दिवस आठवावा. युक्रेनमध्ये करभरणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबप्रणालीतून नॉटपेट्या नावाचे घातक सॉफ्टवेअर पसरवण्यात आले. नेम युक्रेनवर होता, पण त्याच दिवशी डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प झाली आणि तिच्या समूहाकडे असलेले आपल्या न्हावा शेवा येथील एक टर्मिनलही बंद पडले. मर्स्कला ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. अमेरिकी सरकारने या हल्ल्यामागे रशियाचे लष्कर असल्याचे २०१८ मध्ये जाहीर केले. जगभरातील नुकसानीचा अंदाज १० अब्ज डॉलरचा होता. म्हणजे दुसऱ्या दोघांच्या युद्धातला एक वार उरण तालुक्यात येऊन पडला, आणि आपल्याकडे कोणी त्याला युद्ध म्हटलेसुद्धा नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९४ च्या मानव विकास अहवालात ‘मानवी सुरक्षा’ ही कल्पना मांडली. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक हे त्या अहवालाचे मुख्य शिल्पकार होते. अन्न, आरोग्य, उपजीविका, पर्यावरण, व्यक्ती, समाज आणि राजकीय हक्क या सगळ्यांतून माणूस सुरक्षित आहे की नाही हे पाहावे, केवळ सीमा सुरक्षित आहे का एवढेच पाहू नये, असे त्यात म्हटले होते. तीस वर्षे ही कल्पना भल्या माणसांचे स्वप्न म्हणून बाजूला ठेवली गेली. माझे म्हणणे असे आहे की आता ती लष्करी गरज झाली आहे. आपल्या गावचा पाण्याचा पंप बाहेरची वीज गेल्यावर किती दिवस चालेल, या प्रश्नाचे उत्तर देशाच्या संरक्षणसिद्धतेच्या हिशेबात धरले पाहिजे आणि त्यासाठीचा पैसाही संरक्षणाचा खर्च म्हणूनच मोजला पाहिजे.

साताराकर

कालिंदीताई, लेख तळमळीने लिहिला आहे हे दिसते. मी २६ वर्षे पायदळात काढली आहेत, त्यामुळे मी ज्या बाजूने पाहतो ती बाजू मांडतो.

आपण १९९४ चा अहवाल सांगितला. त्याच वर्षी, ५ डिसेंबर १९९४ रोजी, बुडापेस्ट येथे एक करार झाला. सोव्हिएत संघ फुटल्यानंतर युक्रेनच्या भूमीवर जगातील तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा उरला होता. तो सोडून देण्याच्या बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे लेखी आश्वासन दिले. वीस वर्षांत युक्रेनचा क्रिमिया रशियाने घेतला आणि अठ्ठावीस वर्षांत राजधानीच्या वेशीवर रणगाडे आले. ज्या काळात विद्वान मंडळी सुरक्षेची व्याख्या रुंद करत होती, त्याच काळात युरोप आपले दारूगोळ्याचे कारखाने बंद करत होता. आपल्या त्या अहवालातही शस्त्रकपातीतून वाचणारा पैसा विकासाकडे वळवण्याची अपेक्षा होतीच.

मानवी सुरक्षा कुठे टिकली आणि कुठे संपली, हे पाहायचे असेल तर बुचा पाहा. कीव्हच्या उपनगरातील हे गाव मार्च २०२२ मध्ये महिनाभर शत्रूच्या ताब्यात होते. सैन्य हटल्यावर तिथे चारशेहून अधिक नागरिकांचे मृतदेह सापडले. तिथून अवघ्या काही कोसांवरच्या कीव्हमध्ये पुढे दिवे गेले, लोक थंडीने गारठले, पण ती माणसे त्यांच्या घरात होती, कारण मध्ये सैन्य उभे होते. या दोन गावांतला फरक पंपाचा आणि रोहित्राचा नव्हता.

संरक्षणाच्या पैशातून नगरपालिकेचे पंप घ्यायचे ठरले तर उद्या शाळेचे छप्पर आणि परवा आरोग्य केंद्रही त्याच खात्यात येईल, कारण तेही सुरक्षाच आहे असे म्हणता येते. प्रत्येक गोष्टीला सुरक्षा म्हटले की तोफखान्याची मागणी रांगेत मागे जाते. मी हे प्रत्यक्ष भोगले आहे. हिवाळी साहित्य वेळेवर न आलेल्या ठाण्यावर मी एक मोसम काढला आहे. दुसऱ्याच्या रांगेत उभे राहणे म्हणजे काय, हे त्या उंचीवर फार लवकर कळते.

न्हावाशेवा

ताईंनी ज्या दिवसाचा उल्लेख केला, त्या दिवशी मी बंदरावरच होतो. मी कस्टम्सचे क्लिअरिंगचे काम करतो. आदल्याच दिवशी ईद झाली होती, पावसाची रिपरिप चालू होती. दुपारनंतर एका टर्मिनलच्या गेटवरचे संगणक बंद पडल्याचे कळले. संध्याकाळी ट्रेलरची रांग लांबत गेली तेव्हा एकाही चालकाला ठाऊक नव्हते की आपण का थांबलो आहोत. कोणता कंटेनर यार्डात कुठल्या थरात ठेवला आहे हे फक्त संगणकाला माहीत होते. क्रेन धडधाकट होत्या, माणसे हजर होती, माल डोळ्यांसमोर होता, तरीही तो हलवता येत नव्हता. नंतर काही कामे कागदावर सुरू झाली, काही जहाजे शेजारच्या टर्मिनलकडे वळवली गेली. एक चालक माझ्याकडे येऊन विचारत होता, ‘साहेब, संप आहे का?’ त्याला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. युक्रेनच्या कुठल्याशा प्रणालीतून रशियाने मारलेला बाण तुझ्या ट्रेलरला लागला आहे, हे मला स्वतःलाच पुढे महिन्याभराने नीट समजले.

या प्रकरणाचा पुढचा भाग आमच्या धंद्यात फार चर्चिला गेला. अमेरिकेतील मर्क या औषध कंपनीने सुमारे १.४ अब्ज डॉलरचे नुकसान विम्यातून मागितले. विमा कंपन्या म्हणाल्या, हे युद्धकृत्य आहे आणि युद्ध पॉलिसीतून वगळलेले आहे. न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने मे २०२३ मध्ये निकाल मर्कच्या बाजूने दिला. परंतु त्याआधीच लंडनच्या लॉइड्स या विमाबाजाराने आपल्याकडच्या विमा कंपन्यांना सांगून टाकले होते की ३१ मार्च २०२३ पासून सरकारपुरस्कृत सायबर हल्ले पॉलिसीतून स्पष्टपणे वगळावेत. म्हणजे सैन्य म्हणते हे आमचे युद्ध नाही आणि विमावाला म्हणतो हे युद्धच आहे. मधल्या मध्ये ज्याचा माल अडकला, त्याने कोणाच्या दारात जायचे? साताराकर साहेबांनी याचे उत्तर द्यावे अशी माझी मनापासून विनंती आहे.

इतिहासवाचक

‘बदललेले स्वरूप’ हे शब्द मला पटत नाहीत. १९९१ मध्ये अमेरिकेच्या आघाडीने इराकची वीजकेंद्रे उद्ध्वस्त केली. त्यामुळे पाणी शुद्ध करणारे आणि सांडपाणी उपसणारे पंप बंद पडले आणि युद्ध संपल्यावरही मुले पोटाच्या आजारांनी दगावत राहिली. मे १९९९ मध्ये नाटोने सर्बियावर तारांवर पडून शॉर्टसर्किट करणारे ग्रॅफाइटचे तंतू सोडणारे बॉम्ब टाकून देशाच्या मोठ्या भागातील वीज एका रात्रीत घालवली. त्याही मागे जायचे तर वेढा घालून गडाचे पाणी आणि दाणा तोडणे ही दख्खनमधील युद्धाची नेहमीचीच रीत होती. युद्ध पूर्वीही माणसाच्या पोटावरच बसत आले आहे. तेव्हा ते कॅमेऱ्यात दिसत नव्हते, एवढाच फरक आहे.

कालिंदी

इतिहासवाचक, १९९१ आणि १९९९ ची उदाहरणे मला मान्य आहेत आणि ती मूळ लेखात असायला हवी होती. रशियाने जे केले तेवढेच चूक आणि इतरांनी केले ते विसरावे, असे मला म्हणायचे नाही. तरीही दोन गोष्टी माझ्या मते खरोखर नव्या आहेत.

पहिली गोष्ट दक्षिण युक्रेनमधील खेरसोनमध्ये दिसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये हे शहर रशियाच्या ताब्यातून मुक्त झाले, पण नदीच्या पलीकडच्या काठावर रशियन सैन्य राहिले. तिथून सोडलेले छोटे ड्रोन रस्त्यावरच्या सायकलस्वाराचा, बसथांब्यावर उभ्या असलेल्या बाईचा, रुग्णवाहिकेचा पाठलाग करतात. चालवणारा माणूस पडद्यावर समोरच्याला पाहत असतो. तिच्या हातातली पिशवी त्याला दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०२५ मध्ये या हल्ल्यांना मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवले आहे. लोकांनी रस्त्यांवर मासेमारीच्या जाळ्यांसारखी जाळी ताणली आहेत, म्हणजे ड्रोन त्यात अडकावे. उंचावरून टाकलेल्या बॉम्बला निदान चेहरा दिसत नव्हता. आता तो पाहून, ओळखून, पाठलाग करून मारता येते, आणि ते यंत्र एखाद्या चांगल्या मोबाइल फोनच्या किमतीत मिळते.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे. १९९१ साठी कोणाला जाब विचारला गेला नाही. मात्र मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने वीजव्यवस्थेवरील हल्ल्यांसाठी दोन रशियन सेनाधिकाऱ्यांविरुद्ध, आणि जूनमध्ये माजी संरक्षणमंत्री शोइगू व सरसेनापती गेरासिमोव्ह यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले. वॉरंट काढल्याने ते तुरुंगात गेले नाहीत, हे खरे आहे. पण दवाखान्याची वीज तोडणे हे रणनीतीचे नाव घेऊन झाकता येणार नाही, एवढे तरी लिहिले गेले. आपला देश त्या न्यायालयाचा सदस्य नाही आणि नागरी रक्षणाची कलमे अधिक कडक करणाऱ्या १९७७ च्या जिनिव्हा पूरक करारांवरही आपली सही नाही. यावर मराठीत कुठे चर्चा होताना मला दिसत नाही, याचे वाईट वाटते.

साताराकर काका, बुचाबद्दल आपण जे लिहिले त्याला माझ्याकडे उत्तर नाही. सैन्य मागे हटले तर बाकी सगळे व्यर्थ आहे, हे मी मान्य करते. पण एका गोष्टीचा विचार करावा. शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, नाहीतर तुम्ही रयतेकडे हात पसराल आणि रयतेला वाटेल की यापेक्षा मोगल बरे, असा त्याचा आशय आहे. घोड्याचा चारा आणि कुणब्याचे घर या दोन्हींचा विचार त्या एका पत्रात एकत्र केलेला आहे. मी मागते आहे ते याहून वेगळे नाही.

जाईजुई

माझा भाचा खारकीव्हला वैद्यकीय शिक्षण घेत होता. २४ फेब्रुवारी २०२२ नंतर तो आणि त्याचे मित्र मेट्रोच्या स्थानकात जमिनीवर झोपत होते. २ मार्चला भारतीय दूतावासाची सूचना आली की संध्याकाळी सहाच्या आत खारकीव्ह सोडा, वाहन मिळत नसेल तर पायी निघा. तो शहराबाहेरच्या पिसोचिनपर्यंत बर्फातून चालत गेला. त्या चार दिवसांत तो आम्हाला दिवसातून एकदाच, एकच ओळ पाठवत असे, ‘ठीक आहे’. फोनची बॅटरी वाचवायची म्हणून. माझ्या बहिणीने त्या ओळीकडे पाहत रात्री काढल्या. मोबाइलचा टॉवर चालू आहे की नाही, चार्जिंगला जागा मिळाली की नाही, यावर आमच्या घराचा श्वास चालू होता. म्हणून सुरक्षा ही सीमेवरचीच गोष्ट आहे, असे कोणी म्हटले की मला ती ओळ आठवते.

त्याच वेळी हेही सांगायला हवे की त्याला जमिनीखाली जागा मिळाली, कारण ती मेट्रो इतकी खोल बांधलेली होती. पुढे त्याच स्थानकांत मुलांच्या शाळा भरल्या. आमच्या ठाण्यात अशी वेळ आली तर आम्ही लाखो माणसे कुठे जाणार, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, भोंगे वाजले, आमच्या सोसायटीत लोक गच्चीवर जाऊन चित्रीकरण करत होते. गच्चीवर! कोणी खाली उतरले नाही, कारण खाली उतरून जायचे कुठे हे कोणालाच सांगितलेले नव्हते.

साताराकर

जाईजुई, आपल्या भाच्याचा अनुभव वाचून मन हलले. त्याच ७ मे रोजी पूंछ शहरावर पाकिस्तानी तोफांचा मारा झाला आणि डझनाहून अधिक नागरिक गेले. जम्मू भागातील सीमावर्ती गावांसाठी केंद्राने पूर्वी १४,४६० बंकर मंजूर केले होते आणि जिथे ते झाले तिथे लोकांना त्यात आसरा मिळाला. शहरात मात्र ती सोय नव्हती. तेव्हा नागरिकांसाठी जमिनीखाली जागा हवी या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. हे काम सैन्याच्या कामाला पूरक आहे, त्यावर मी वाद घालणार नाही.

न्हावाशेवा यांच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर ते असे आहे की, ज्या हल्ल्याचा कर्ता ओळखायला आठ महिने लागतात, त्याला सैनिक प्रत्युत्तर देऊ शकत नाही. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. घरातल्या घरात एकमत होत नसेल तर तोफेचे तोंड कुणाकडे वळवायचे? ही कामे संरक्षण खात्याकडे दिली तर ते खाते प्रत्येक बिघाडात शत्रू शोधत बसेल. ते धोक्याचे आहे, आणि माझा मूळ विरोध याच कारणासाठी आहे.

रोहित्र

मी वीज पारेषण क्षेत्रात अभियंता आहे, म्हणून शेवटच्या मुद्द्यावर लिहितो. १२ ऑक्टोबरला घातपात होता की चूक, यावर माझे मत मी राखून ठेवतो, कारण मुंबईकराच्या दृष्टीने त्याने फारसा फरक पडत नाही. मुंबईसाठी १९८० च्या दशकापासून एक व्यवस्था आहे, जिला आम्ही आयलँडिंग म्हणतो. बाहेरचे जाळे कोसळले की शहराने त्यापासून आपोआप तुटून, ट्रॉम्बे आणि डहाणूच्या स्वतःच्या विजेवर तग धरायचा. अनेकदा तिने शहर वाचवले आहे. त्या दिवशी कळवा-पडघे भागातील उच्चदाबाच्या वाहिन्या एकामागून एक गेल्या तेव्हा ती टिकली नाही, कारण शहराच्या आत त्या क्षणी तयार होणारी वीज मागणीच्या मानाने फार कमी होती. लोकल मध्येच उभ्या राहिल्या, करोनाचे रुग्ण असलेली रुग्णालये जनरेटरवर गेली. वाहिनी शत्रूने पाडली, वादळाने पाडली किंवा आमच्या हातून पडली, तरी बेट टिकले पाहिजे हे काम तेच राहते. त्यामुळे शत्रू कोण हे ठरेपर्यंत थांबण्याचे कारण नाही, आणि हे काम संरक्षण खात्याकडे देण्याचेही कारण नाही.

युक्रेनकडून शिकण्यासारखी गोष्ट मला वेगळी वाटते. ज्या रात्री आक्रमण झाले, त्याच रात्री युक्रेनचे विजेचे जाळे रशियाच्या जाळ्यापासून चाचणीसाठी तोडलेले होते. ते पुन्हा तिकडे जोडले गेलेच नाही आणि १६ मार्च २०२२ रोजी युरोपच्या जाळ्याला जोडले गेले. हे वर्षानुवर्षांच्या तयारीमुळे झाले. पण मोठ्या रोहित्रांच्या बाबतीत ते अडकले. त्यांचे जाळे सोव्हिएत पद्धतीचे, ७५० आणि ३३० किलोव्होल्टचे आहे, शेजारच्या युरोपचे ४०० आणि २२० चे. त्यामुळे शेजाऱ्याच्या गोदामातले सुटे रोहित्र त्यांना बसत नव्हते, आणि नवे बनवून घ्यायला महिनोन्महिने लागतात. ते दीडदोनशे टनांचे धूड रस्त्याने हलवायचे तर वाटेतले पूल आधी तपासावे लागतात. मी स्वतः असे एक रोहित्र घाटातून उतरताना पाहिले आहे. चालणाऱ्या माणसाने त्याला सहज मागे टाकावे, इतक्या गतीने ते येत होते.

साताराकर

रोहित्र साहेब, आपला मुद्दा मला पटला आणि मी माझ्या आधीच्या लिखाणात एक दुरुस्ती करतो. सुटी रोहित्रे आणि शहराने स्वबळावर तग धरण्याची सोय, ही कामे दारूगोळ्याच्या साठ्यासारखीच युद्धाआधी करून ठेवायची असतात. ऐन वेळी ती होत नाहीत. पैसा कोणत्या खात्यातून यावा यावर मात्र माझे मत कायम आहे. ऊर्जा खात्याने तो स्वतःचा म्हणून मागावा आणि वापरावा, सैन्याच्या वाट्यातून घेऊ नये.

कालिंदी

तो पैसा ऊर्जा खात्याने मागावा, हे मी मान्य करते, काका. माझी अट एवढीच राहील की तो कशासाठी मागितला, किती सुटी रोहित्रे घेतली आणि बाहेरची वीज गेल्यावर कोणत्या शहराचे पाणी किती दिवस चालेल, हे त्या शहरातल्या माणसाला विचारता आले पाहिजे. सैन्याच्या साठ्याचे आकडे गुप्त असतात ते योग्यच आहे. उपकेंद्राची जागा आणि रचना गुप्त ठेवावी, यालाही माझी हरकत नाही. पण पाण्याच्या पंपाला जनरेटर आहे की नाही आणि त्यात डिझेल किती दिवसांचे आहे, हा प्रश्न मी या आठवड्यात आमच्या नगरपालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज करून विचारणार आहे. उत्तर आले की इथेच मांडेन.